गोटा अडकला पाहिजे

मित्रांनो, मी एक जुनी मापाची फळी आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. जुनं झालं की काहींची कुरकुर सुरू होते. माझं तसं नाही. मी हातभर लांब, वीतभर रुंद आणि अंगठ्याएवढी जाड आहे. माझ्या अंगाला दोन गोल भोकं आहेत, एक मोठं आणि एक लहान. रूप म्हणाल तर एवढंच. पण चाळीस वर्षं आमच्या खोऱ्यातलं एकेक संत्रं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं आहे, आणि मी सांगितलं तिकडे मुकाट्याने गेलं आहे.

आमच्या खोऱ्यात शेतकरी नाना प्रकारची पिकं घेतात. खालच्या अंगाला कोणी जांभळ्या कोबीचे गड्डे काढतं, कोणी अंधाऱ्या खोल्यांत अळिंबी वाढवतं. पण खोऱ्याचं नाव झालं ते संत्र्यामुळे. हे संत्रं आकाराने भोपळ्याशी स्पर्धा करत नाही. त्याची साल कागदासारखी पातळ असते, नुसतं नख लागलं तरी फाटते, आणि एक सोललं की शेजारच्या खोलीतला माणूस विचारतो, "मला नाही का?" हातांना येणारा तो वास साबणालाही दाद देत नाही. अशा नाजूक फळाचं माप घ्यायला तशीच विश्वासाची वस्तू हवी. म्हणून माझा जन्म झाला.

संत्र्यांच्या गोदामाचं एक जुनं लाकडी दार होतं. ते काढून लोखंडी बसवलं, तेव्हा सुताराने त्या दारातली मधली फळी मागून घेतली. गोदामाचा कारकून म्हणाला, "काका, नवं लाकूड देतो की." सुतार म्हणाला, "नवं लाकूड लहरी असतं. उन्हात एक बोलतं, पावसात दुसरं. हे दार तीस वर्षं ऊनपाऊस खाऊन बसलंय. ते आता काही बदलायचं नाही."

त्याने माझ्यावर कर्कटकाने वर्तुळं आखली, बारीक करवतीने कापली, आणि दोन दिवस कानशीने घासत बसला. मोठ्या भोकावर जे फळ अडकेल ते थोरलं. ते पातळ कागदात गुंडाळून खोक्यात बसायचं आणि लांबच्या शहरात जायचं. मोठ्यातून पडून लहानावर अडकेल ते मधलं, ते जवळच्या बाजारात. दोन्हींतून पडेल ते धाकटं, त्याची रवानगी थेट रसाच्या कारखान्यात. थोरलं, मधलं, धाकटं. घरात असतात तशीच भावंडं ही, आणि घरात होतात तशीच भांडणंही व्हायची.

काम संपल्यावर सुताराने आणखी एक वस्तू केली. लेथवर एक लाकडी गोटा काढला, गुळगुळीत, आणि तापल्या खिळ्याने त्याच्यावर एक छोटी चांदणी डागली. मग मला आणि त्या गोट्याला घेऊन तो गोदामात आला. माप घ्यायचं काम नुकतंच एका तरुण मुलीला मिळालं होतं. पुढे तिच्या भाच्यांचं ऐकून सगळं गोदाम तिला आत्या म्हणायला लागलं, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते.

सुतार म्हणाला, "पोरी, हा गोटा जपून ठेव. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मोठ्या भोकात घालून बघायचा. अडकला तर फळी खरी. पडला तर मला हाक मार."

आत्या म्हणाली, "काका, ही काय संत्रं आहे का, वर्षाला वाढायला?"

सगळे हसले. सुतारही हसला. खरं सांगते, मित्रांनो, मलाही हसू आलं. मोजणारीलाच कोण मोजणार? मला ते अगदी चेष्टेचं वाटलं.

मग सुरू झाली माझी उमेदीची वर्षं. पहाटेपासून गाड्या लागायच्या. पाट्याच्या पाट्या टेबलावर रिकाम्या व्हायच्या. आत्याची नजर इतकी तयार झाली होती की बहुतेक फळं ती नुसती बघून वेगळी करायची. शंकेचं फळ असेल तरच ते माझ्यावर यायचं. ती ते अलगद भोकावर ठेवायची, एक बोट लावायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नाही.

वरच्या उतारावरची बाग तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती. बाग लावली त्यांच्या वडिलांनी. तेव्हा आत्या दहा वर्षांची होती आणि शाळेतून आल्यावर डोक्यावर कळशी घेऊन रोपांना पाणी घालायची. पण गोदामात नातं बाहेरच्या खुंटीला. भाऊची पाटी आली की आत्याचा चेहरा उलट जास्तच कडक व्हायचा.

"हे मधलं," ती म्हणायची.

"ताई, जरा फिरवून बघ ना. बसेल ते वरती."

"फिरवलं म्हणून फळ फुगत नाही, भाऊ. फळी खोटं बोलत नाही."

फळी खोटं बोलत नाही! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या लाकडात मुरलं. कोणी शेतकरी वाद घालायला लागला तर दुसरेच त्याला सांगायचे, "अरे, जिने सख्ख्या भावाला सोडलं नाही, ती तुला काय सोडणार!" शाळेची मुलं गोदाम बघायला आली की आत्या मला उंच धरून दाखवायची. माझी छाती फुगायची. म्हणजे तसं मला वाटायचं. खरोखर काय फुगत होतं ते पुढे कळलंच.

आत्याने माझी काळजी किती घेतली म्हणून सांगू! बाकीची अवजारं कोपऱ्यात पडलेली असायची. मला मात्र स्वतःची खुंटी आणि स्वतःचं फडकं होतं. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती मला मांडीवर घ्यायची. अगदी बारीक पॉलिश कागद घेऊन माझ्या दोन्ही भोकांच्या कडा घासायची, गोल गोल, तासभर. पातळ सालीला ओरखडा उठला तर फळ दोन दिवसांत सडतं, म्हणून कडा लोण्यासारखी मऊ हवी. मग तेलाचं एक बोट फिरवायची. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं ते चालायचं. एकही वर्ष तिने चुकवलं नाही.

आणि तो गोटा? तो कारकुनाच्या टेबलावर गेला. खिडकीच्या वाऱ्याने त्याचे कागद उडायचे, त्यांच्यावर ठेवायला बरा पडला. सुतार पुढे वारला. गोट्याचं काम काय, हे त्याच्याबरोबरच गेलं म्हणायला हरकत नाही.

साधारण वीस वर्षं झाली असतील. लोक बोलायला लागले की फळ बारीक होत चाललंय. पूर्वी शंभरात पन्नास थोरली निघायची, मग चाळीस, मग तीस. कोणी म्हणालं, झाडं म्हातारी झाली. कोणी म्हणालं, पाणी खोल गेलं. कोणी म्हणालं, माती दमली, तिलाही माणसासारखी विश्रांती लागते. एका हुशार माणसाने सगळा दोष वाऱ्यावर टाकला. जो तो आपापल्या परीने शहाणा होता. माझ्याकडे बोट मात्र कोणी दाखवलं नाही. आणि मी? मी पाटीमागून पाटी थोरल्यातून मधल्यात ढकलत होते आणि मनात म्हणत होते, काय हल्लीची संत्री, यांच्यात पूर्वीचा दम नाही.

गोदामात तोवर आणखी पाच टेबलं झाली होती. त्यांच्या जुन्या फळ्या तडकल्या, तेव्हा मला आडवं ठेवून, माझ्या भोकांतून पेन्सिल फिरवून, पाच नव्या कापल्या. पाचही लेकी आईवर गेल्या, आणि दर हंगामाआधी माझ्याबरोबर त्यांच्याही कडा घासल्या जायच्या. त्यामुळे कुठल्याही टेबलावर गेलं तरी निकाल एकच यायचा, आणि सहा तोंडांनी सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल?

एकदा लांबच्या शहरातल्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. कारकुनाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "तुमचा थोरला माल दर वर्षी अधिकच भरदार येत आहे. अभिनंदन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. फळ बारीक होतंय म्हणून रडणारे आणि माल भरदार झाला म्हणून टाळ्या वाजवणारे लोक एकच होते, पण हे दोन्ही एका जागी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नाही.

एकीला सुचलं होतं. तिला सगळे रेडिओ म्हणायचे.

रेडिओ थोरली संत्री कागदात गुंडाळून खोक्यात लावायची. हात चालायचे तसंच तिचं तोंडही चालायचं. जावयाचा पाय, शेजारणीची मांजर, नळाचं पाणी, सगळ्याच्या बातम्या दिवसभर. त्यातच ती रोज म्हणायची, "एका थरात सहाच्या सहा ओळी बसवत होते मी. आता पाचच बसतात. झाकण लागत नाही मेलं!" पण रेडिओ ऐकतं कोण? तो आपला चालू असतो. खोकी बनवणाऱ्याने लबाडी केली असेल, असं म्हणून लोक आपल्या कामाला लागायचे.

दरम्यान खोऱ्यातल्या तीन बागा उपटल्या गेल्या. धडधाकट झाडं होती ती. एका जागी जाड सालीची नवी जात लावली, दोन जागी काहीच नाही. आणि मग त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, भाऊ आपली शेवटची पाटी घेऊन आला.

पाटी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, उद्या सकाळी यंत्र येतंय. सगळी काढून टाकतो."

आत्याचे हात थांबले. "सगळी?"

"दोनशे दहा झाडं. गेल्या वर्षी शंभरात पंधरा थोरली निघाली. यंदा बघ किती निघतात ते. बाबांनी लावली म्हणून इतकी वर्षं थांबलो. आता मुलं म्हणतात, बाबा, भावनेवर बाग चालत नाही. त्यांचंही बरोबर आहे."

आत्याने पाटी जवळ ओढली. तिच्या डोळ्यांपुढे ती कळशी आली असणार. मग ती म्हणाली, "फळी सांगते ते खरं मानायचं. काढ." हे म्हणताना तिचा आवाज फाटला. 

तिने मोजायला घेतलं. मधलं. मधलं. मधलं. थोरलं. मधलं. भाऊ समोर उभा होता. वाद घालायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. शंभरात अकरा निघाली.

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, पाट्या वाहणारा पट्टा थांबला, आणि गोदामात एकदम शांतता झाली. त्या शांततेत एकच आवाज राहिला.

"...आणि मी म्हणते, फळ बारीक झालं ना? मग बारीक फळ खोक्यात जास्त मावायला पाहिजे का कमी? आं? माझ्या खोक्यात एक ओळ कमी बसते! म्हणजे हे थोरलं पूर्वीच्या थोरल्यापेक्षा मोठं आहे. मी अडाणी, पण खोकं तर अडाणी नाही ना!"

बोलता बोलता रेडिओला कळलं की सगळे आपल्याकडे बघतायत. ती जन्मात पहिल्यांदा गप्प झाली.

आत्या हळूच म्हणाली, "पुन्हा बोल."

"काही नाही, आत्या. मी आपली उगाच..."

"उगाच नाही. पुन्हा बोल."

रेडिओ पुन्हा बोलली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तिने मला हजारो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी ती माझ्याकडे शंकेच्या फळाकडे बघावं तशी बघत होती. तिने भोकात बोट घातलं आणि कडेवरून फिरवलं. लोण्यासारखी मऊ कडा. ती उठली आणि सरळ कारकुनाच्या टेबलाकडे गेली.

"अहो आत्या, काय करताय? माझे कागद उडतील!"

"उडू देत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते असं. वीस वर्षं लोक माती तपासत होते, पाणी तपासत होते, आणि गोटा तिथे टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसला होता. आत्याने पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. चांदणी दिसली. तिने मला दोन पाट्यांवर आडवं ठेवलं आणि गोटा मोठ्या भोकावर ठेवला.

बोटसुद्धा लावावं लागलं नाही. तो माझ्यातून गेला, खाली आपटला, आणि घरंगळत घरंगळत भाऊच्या पायाशी जाऊन थांबला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला लाज वाटली. जिची शपथ लोक घेत होते, ती मी.

आत्याने मला उलटं करून पाहिलं, गोटा पुन्हा पडला. तिने पाचही टेबलांवरच्या फळ्या मागवल्या. पाचांतूनही पडला. भाऊ खाली वाकला. त्याने गोटा उचलला, मधल्यांच्या ढिगातून एक संत्रं घेतलं आणि दोन्ही एकाशेजारी एक धरली. जुळी भावंडं शोभावीत अशी. चाळीस वर्षांपूर्वी ते संत्रं माझ्यावर अडकलं असतं.

"म्हणजे ताई, झाडं..."

"तुझी झाडं आहेत तशी आहेत रे. बाबांनी लावली तशीच आहेत."

कारकून म्हणाला, "फळीनेच घात केला म्हणायचा."

"फळीला का बोलता?" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ती स्वतःहून एक केसभरही बदलली नाही. दर वर्षी मी तिला घासलं, आणि भोक मोठं होत गेलं. चाळीस वर्षं, दर वर्षी. सुतारकाकांनी सांगितलं होतं गोटा घालून बघत जा, आणि मी हसले होते. चूक माझी आहे. ज्यांना ज्यांना मी 'फळी खोटं बोलत नाही' म्हटलं, त्या सगळ्यांची मी अपराधी आहे. पहिला तू, भाऊ."

भाऊ रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने खिशातून फोन काढला. "हॅलो, यंत्रवाले का? उद्या येऊ नका. नाही, नाही, परवाही नको. कधीच नको." फोन ठेवून तो खाली पाटीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसली. रेडिओने दोघांपुढे एकेक संत्रं सोलून धरलं आणि, काय आश्चर्य, एक शब्द बोलली नाही.

ज्या तीन बागा गेल्या, त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांचं काही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या मला काखेत आणि गोटा पिशवीत घेऊन त्या तिन्ही घरी चालत गेली. पहिल्या घरी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी पाणी दिलं, पण बोललं कोणी नाही. तिसऱ्या घरचा म्हातारा अंगणात बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, गोटा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने माझ्यातून तीनदा पाडून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझी झाडं चांगली होती तर." बराच वेळ तो ओट्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानाकडे बघत राहिला. पुढच्या हंगामात भाऊने आपल्या झाडांच्या फांद्या नेऊन दिल्या. त्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे बारीक कोंब, नव्या रोपांच्या सालीत कलम करून बसवले. त्या रानात आता गुडघ्याएवढी झाडं उभी आहेत. पहिल्या घराचं दारही फांद्या घ्यायला उघडलं.

आणि माझं काय झालं? काहींचं मत होतं की चुलीत घाला. आत्या म्हणाली, "मग मलाही घाला." सुताराच्या मुलाने गोट्यावरून माप घेऊन माझ्या मोठ्या भोकात पितळी कडं बसवलं, आणि लहान भोकाचं माप वडिलांच्या जुन्या वहीत शोधून त्यातही एक बसवलं. माझ्या लेकींनाही तशीच कडी मिळाली. मी पुन्हा खरी झाले, आणि आता दागिना घालून मिरवते. ऐट अजून गेलेली नाही, जाणारही नाही. चाळीस वर्षं मी कोणाची भीड धरली नाही, हे खोटं नाहीच. फक्त माझी भीड सगळ्यांनी धरली, तिथे घोटाळा झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या सगळ्या म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतात. मीही सांगते. तेल लावा, फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका. पण माझं एवढं आणखी ऐका. ज्याच्यावर तुमचा फार विश्वास आहे, त्याला वर्षातून एकदा तरी तपासून बघा. त्याला राग येणार नाही. आणि तुमच्या गोदामात एखादा रेडिओ असेल, तर अधूनमधून पंखे बंद करा.

आता हंगामाची पहिली सकाळ अशी असते. खोऱ्यातले सगळे शेतकरी माझ्या टेबलाभोवती जमतात. अजून एकही पाटी उघडलेली नसते. कारकून स्वतः गोटा आणतो. दर वर्षी वेगळ्या शेतकऱ्याच्या हातात तो देतात. पहिल्या वर्षी भाऊच्या हातात होता, यंदा त्या तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याच्या.  रेडिओ श्वास रोखून उभी होती. आत्या आता काठी घेऊन येते, खुर्चीत बसते आणि माझ्याकडे एकटक बघते. मला सांगायला हरकत नाही, एवढ्या वर्षांची मी, पण त्या घडीला माझंही काळीज धडधडतं.

म्हाताऱ्याने गोटा ठेवला. बोटाने दाबला. पुन्हा दाबला.

"अडकला!" तो ओरडला.

आत्याने काठी जमिनीवर आपटली. "मग बघत काय बसलात? आणा पहिली पाटी!"